उशिरा आलेल्यांची नोंद

परदेश पाहून आलेल्या माणसाला विचारावयाचे दोन प्रश्न ठरलेले असतात: काय काय पाहिले, आणि खर्च किती आला. इंदुरास परतल्यावर मंडळाच्या बैठकीत हे दोन्ही प्रश्न आम्हांस विचारले गेले आणि दोहोंची उत्तरे आम्ही यथाशक्ती दिली. ज्या गोष्टीने त्या प्रवासात आम्हांस खरोखर गाठले तिच्याविषयी मात्र कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी पोह्यांच्या बशा हातात असताना तिचे उत्तर देता आले नसते. म्हणून ते येथे लिहीत आहोत.

प्रश्न तसा जुनाच आहे. ज्याच्या हाती सही आहे, शिक्का आहे, अथवा नुसती दार उघडण्या-मिटण्याची कळ आहे, अशा माणसाने नियमाप्रमाणे वर्तन केले म्हणजे त्याची जबाबदारी संपते काय? आयुष्यभर राज्य शासनाची नोकरी केलेल्या मनुष्यास हा प्रश्न सेवेत असताना पडावयास हवा होता. तो पडला निवृत्तीनंतर, स्कॉटलंडमधील एका पर्यटक बसच्या खिडकीशी बसलेले असताना.

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही उभयता कन्येकडे एडिनबऱ्यास गेलो होतो. कन्या आणि जावई दोघेही नोकरदार. आई-बाबांना घेऊन रोज हिंडणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा तिने आम्हांला एका दिवसाच्या सहलीच्या बसमध्ये बसवून दिले. सकाळी आठाला निघावयाचे, डोंगराळ प्रदेश, ग्लेन्कोची दरी आणि लॉख नेसचे सरोवर पाहावयाचे आणि रात्री आठाच्या सुमारास परत यावयाचे. बारा तासांत एवढा मुलूख! आपल्याकडे उज्जैनला महांकाळाचे दर्शन घेऊन ओंकारेश्वरास जाऊन परतावयाचे म्हटले तरी आम्ही दोन दिवसांची तजवीज करतो.

बसमध्ये चाळीसेक प्रवासी होते. चालक आणि मार्गदर्शक हे एकच गृहस्थ. गुडघ्यापर्यंतचा चौकटीचा स्कॉटिश घागरा, गालाशी लावलेला ध्वनिक्षेपक, आणि आवाज असा की कीर्तनास उभे राहिले असते तर मागच्या रांगेतल्या आजीबाईंनाही जागे ठेवले असते. निघतानाच त्यांनी नियम सांगितला. प्रत्येक थांब्यावर किती मिनिटे आहेत ते मी सांगेन. त्यानंतर मी डोकी मोजतो, एकदाच मोजतो, आणि निघतो. मागे राहणाऱ्यांसाठी उद्या याच वेळी दुसरी बस असते. सगळे हसले. आम्हीही हसलो, पण आमच्या हसण्यात एक प्रकारचे समाधान होते. नियम स्पष्ट, वेळ निश्चित, सूचना आगाऊ दिलेली. ज्यास नोकरीत 'मुदतीनंतर प्राप्त' हा शेरा हजारो वेळा लिहावा लागला त्याला असा माणूस आपल्याच खात्यातला वाटतो.

कॅलंडर गाव मागे पडले, डोंगर वाढू लागले. पुढे रानोख मूर नावाचा विस्तीर्ण दलदलीचा पठारी भाग लागतो. झाड नाही, घर नाही, नुसते तपकिरी गवत आणि मध्ये मध्ये काळे पाणी. त्यातून रस्ता एकाएकी खाली वळतो आणि ग्लेन्कोची दरी उघडते. डावीकडे तीन प्रचंड कडे अंगावर आल्यासारखे उभे आहेत. त्यांना 'तीन बहिणी' म्हणतात. ढग त्यांच्या खांद्यांवरून उतरत होते. सौ. एवढेच म्हणाली, "येथे माणसे राहत होती?" राहत होती. तीच तर हकीकत आहे.

वाहनतळावर बस थांबली. पंधरा मिनिटे. त्याआधी दरीत उतरता उतरता मार्गदर्शकांनी गोष्ट सांगितली होती, आणि ती ऐकताना आम्ही खिडकीबाहेर पाहणे सोडून दिले होते. तेथून परतल्यावर कन्येने ग्रंथालयातून आणून दिलेल्या पुस्तकांत आम्ही ती पुन्हा तपशिलाने वाचली. वाचकांपुढे ती थोडी विस्ताराने ठेवतो, कारण तिचा पूर्वार्ध कोणत्याही कचेरीतल्या फाईलसारखा आहे.

राजा दुसरा जेम्स इंग्लंड-स्कॉटलंडच्या गादीवरून गेला आणि तिसरा विल्यम आला. डोंगरी टोळ्यांपैकी पुष्कळ जेम्सच्या पक्षाच्या होत्या. ऑगस्ट १६९१ मध्ये फर्मान निघाले की, ज्या टोळीप्रमुखांनी १ जानेवारी १६९२ च्या आत नव्या राजाशी निष्ठेची शपथ घेतली त्यांना माफी. बाकीच्यांची गय नाही. (आपल्याकडे त्या वेळी राजाराम महाराज जिंजीस वेढ्यात होते, एवढे सांगितले म्हणजे काळ ध्यानात येईल.) प्रमुखांनी परागंदा झालेल्या जेम्सकडे माणूस पाठविला, की आम्हांस दिलेल्या वचनातून मोकळे करा. दिलेला शब्द परत मागितल्यावाचून दुसरा शब्द द्यावयाचा नाही, ही त्यांची रीत. जेम्सने निर्णय लांबविला. परवानगी पोहोचली ती डिसेंबर संपता संपता.

ग्लेन्कोच्या मॅकडोनल्डांचा प्रमुख मॅकइयन हा वयस्क गृहस्थ ३१ डिसेंबरला, म्हणजे मुदतीच्या अखेरच्या दिवशी, फोर्ट विल्यमच्या किल्ल्यात कर्नल जॉन हिल यांच्यापुढे हजर झाला आणि म्हणाला, माझी शपथ घ्या. हिल म्हणाले, हा अधिकार माझा नव्हे. मी लष्करी अंमलदार. शपथ मुलकी अधिकाऱ्यापुढे व्हावयास हवी, तुम्ही इन्व्हररेस जा. भर हिमवर्षावात म्हातारा निघाला. वाटेत सैनिकांनी त्यास एक दिवस अडकवून ठेवले. इन्व्हररेस पोहोचला तो २ जानेवारीस, तर तेथील अधिकारी सर कॉलिन कॅम्पबेल नववर्षाच्या सणासाठी घरी गेलेले. ते परतले तीन दिवसांनी. मुदत टळली असे म्हणून त्यांनी आधी नकार दिला. म्हाताऱ्याने डोळ्यांत पाणी आणून विनविले, तेव्हा ६ जानेवारीस शपथ घेतली गेली, आणि कागद खुलाशासह एडिनबऱ्यास रवाना झाला. तेथील कारकुनांनी आणि काही सभासदांनी आपसांत विचार करून ठरविले की मुदतीनंतरची शपथ ग्राह्य नाही. मंडळापुढे रीतसर न ठेवताच त्या नोंदीवर काट मारण्यात आली. मॅकइयन मात्र घरी जाऊन आपल्या लोकांना सांगत होता की आता भय नाही, आपण राजाचे झालो.

चुकीचे कार्यालय, रजेवर गेलेला अधिकारी, अडकलेला टपाल-कागद, वरिष्ठांपुढे न गेलेली टिप्पणी. वाचकहो, यात अपरिचित असे काय आहे?

उत्तरार्ध अपरिचित आहे, असे आपण म्हणू. राज्याचे सचिव जॉन डॅलरिंपल यांना एक टोळी धडा शिकविण्यासाठी हवीच होती, आणि ही टोळी लहान होती. १६ जानेवारीस राजाच्या सहीचे आदेश निघाले. त्यावर राजाची सही वरही आहे आणि खालीही. पुढे त्याच्या बाजूने असे सांगण्यात आले की, कागदांच्या ढिगात त्याने तो न वाचताच सही केली. हे वाक्य वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि थोडा वेळ तसेच बसून राहिलो. न वाचता केलेल्या सह्यांचा हिशेब मांडू लागलो तर आमच्या पिढीतील किती अंमलदारांना झोप येईल?

फेब्रुवारीच्या आरंभी रॉबर्ट कॅम्पबेल या कप्तानाच्या हाताखाली सुमारे एकशेवीस सैनिक दरीत आले. किल्ल्यात जागा नाही, चार दिवस आसरा द्या, असे म्हणाले. मॅकडोनल्डांनी त्यांना घराघरांतून वाटून घेतले. कप्तानाच्या नात्यातली मुलगी मॅकइयनच्या धाकट्या मुलास दिलेली. म्हणजे सोयरीकही होती. सुमारे बारा दिवस पाहुण्यांनी यजमानांचे अन्न खाल्ले, त्यांच्याच शेकोटीशी झोपले, पत्ते खेळले. १२ तारखेस हुकूम आला: पहाटे पाचाला तुटून पडा, सत्तर वर्षांखालील सर्वांना तलवारीखाली घाला, म्हाताऱ्या कोल्ह्यास आणि त्याच्या मुलांस निसटू देऊ नका. आणि शेवटी बजावणी, की यात कसूर झाली तर राजनिष्ठ समजले जाणार नाही आणि नोकरीस अपात्र ठराल. हा कागद एडिनबऱ्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही जपलेला आहे.

सत्तर वर्षांखालील. आम्ही मनात आमचे वय मोजले. आम्हीही त्या हुकुमात बसत होतो.

१३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे तो अमलात आला. दारात आलेल्या पाहुण्यांसाठी पेय आणावयास सांगत, अंथरुणातून उठून कपडे चढवीत असता मॅकइयन मारला गेला. मेलेल्यांचा परंपरेने सांगितला जाणारा आकडा अडतीसच्या आसपास आहे. घरे जाळल्यावर बर्फात पळालेल्या बायका-मुलांपैकी थंडीने गेलेले वेगळे. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा असे आपण म्हणतो. येथे वासे पेटविलेच गेले. विश्वासाने घरात घेतलेल्याने केलेली हत्या हा स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात साध्या खुनाहून मोठा गुन्हा होता, आणि डोंगरी लोकांना आजवर डाचते ते हेच.

पंधरा मिनिटांच्या थांब्यात प्रवाशांनी छायाचित्रे काढली. मार्गदर्शकांना दोघा-तिघांनी प्रश्न विचारले. ते बहुधा असे होते, की २०१२ सालच्या 'स्कायफॉल' या चित्रपटातला रस्ता नेमका कोणता, आणि हॅरी पॉटरच्या चित्रपटातली झोपडी कोठे उभारली होती. त्यांना आम्ही दोष देत नाही. आम्ही स्वतः रायगडावर टकमक टोकाशी उभे राहून भेळ खाल्लेली आहे. मृतांच्या स्मरणार्थ १८८३ साली उभारलेला दगडी क्रूस खालच्या गावात आहे. तेथे दरवर्षी १३ फेब्रुवारीस फुले वाहतात. सहलीच्या वेळापत्रकात तो नव्हता. बस पुढे निघाली.

अर्ध्या-पाऊण तासात फोर्ट विल्यम आले. ज्या किल्ल्याने गावास नाव दिले त्याचा बहुतेक भाग रेल्वेने गिळला. पाण्याच्या काठी थोडी भिंत तेवढी शिल्लक आहे. बस तेथे थांबली नाही. आमचे मन मात्र तेथेच उतरले, कारण त्या गोष्टीत आम्हांस सगळ्यांत अधिक छळणारा माणूस राजा नव्हता, सचिव नव्हता, कप्तानही नव्हता. तो कर्नल हिल होता.

हिलने त्या ३१ डिसेंबरच्या दिवशी नियमाप्रमाणे उत्तर दिले हे खरे. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने मॅकइयनच्या हाती इन्व्हररेच्या अधिकाऱ्यास उद्देशून एक पत्र दिले: हा मनुष्य मुदतीच्या आत माझ्यापुढे हजर झाला होता, हरवलेले मेंढरू परत आले आहे, त्याला घ्या. ते पत्र होते म्हणून सर कॉलिन यांचे मन द्रवले आणि शपथ झाली. नियमाच्या आत राहून माणसास जेवढे करता येते तेवढे हिलने केले. आणि सहा आठवड्यांनी, १२ फेब्रुवारीस, चारशे शिपाई घेऊन ग्लेन्कोवर जाण्याचा आपल्या दुय्यमास दिलेला लेखी हुकूमही याच हिलच्या सहीचा आहे. शपथ झाल्याचे त्याला ठाऊक होते. वरून आलेले आदेश त्याने काही दिवस दाबून ठेवले असावेत असे दिसते. वरचे लोक त्याला डावलून थेट दुय्यमाशी पत्रव्यवहार करू लागले. म्हातारा, नोकरीवर अवलंबून असलेला. शेवटी सही केली.

दयाळू माणसाची सही क्रूर माणसाच्या सहीहून निराळी दिसत नाही.

येथे आमची एक जुनी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती आजवर घरातही सांगितलेली नव्हती, सौ.ला ती त्या बसमध्ये प्रथम कळली.

१९८८ सालची गोष्ट. निमाडातील एका तहसिलीत आम्ही नायब तहसीलदार होतो. फाल्गुनात गारपीट होऊन उभा गहू आडवा झाला होता, आणि नुकसानभरपाईचे अर्ज घेण्याचा तो शेवटचा दिवस होता. दिवे लागणीच्या सुमारास एक शेतकरी आला. वय पन्नाशीच्या पुढे, पायांत वहाणा नाहीत, हातात पटवाऱ्याचा पंचनामा. आम्ही कागद पाहिला. त्याचे गाव मागच्याच वर्षी पटवारी हलक्यांच्या फेररचनेत शेजारच्या तहसिलीत गेले होते. आम्ही त्याला बसविले. दमलेला दिसला म्हणून पाणी दिले, शिपायाकडून चहा मागविला. आणि समजावून सांगितले, की बाबा, हे काम आमच्याकडचे नव्हे, तू तिकडे जा. 'तिकडे' म्हणजे चाळीस किलोमीटर, आणि त्या बाजूची शेवटची बस गेलेली होती. तो दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचला. यादी बंद झालेली होती. त्या कार्यालयाने नियमाप्रमाणे वागून त्यास परत पाठविले.

अर्ज ठेवून घेणे, त्यावर 'आज मुदतीत प्राप्त, योग्य कार्यालयाकडे अग्रेषित' असे लिहून शिक्का मारणे आम्हांस शक्य होते. नियमात त्याला मनाई नव्हती. तीन ओळी, एक सही. तिकडच्या अधिकाऱ्यास एक चिठ्ठी लिहिली असती तरी भागले असते. आम्ही ती लिहिली नाही. का, तर संध्याकाळ झाली होती, दिवसभर माणसांची रीघ होती, आणि आमचे उत्तर बरोबर होते. बरोबर उत्तर दिल्यावर माणूस पुढे काही शोधत नाही, हा आमचा अनुभव आहे.

त्याच वर्षी वैशाखात आम्ही एका रस्त्याच्या कामाची तपासणी करावयास गेलो होतो. खडी फोडणाऱ्यांत तो होता. त्याने आम्हांस ओळखले. आम्हांला वाटले, आता तक्रार करील, आणि आम्ही मनात नियमाचे उत्तरही जुळविले. त्याने हात जोडून रामराम केला आणि बरोबरच्या माणसास म्हणाला, या साहेबांनी त्या दिवशी मला चहा पाजला होता. बैल विकल्याचे नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळले.

तेव्हा हिलला दोष देण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे हे वाचकांनीच पाहावे. त्याने निदान पत्र दिले होते.

आमचे एक स्नेही, सेवेत आमच्याहून वरिष्ठ, नेहमी म्हणत की नियम हा गरिबाचाच आधार आहे. अधिकाऱ्याने मनाप्रमाणे वागावयाचे ठरविले तर त्याची दया ओळखीच्यांनाच मिळेल. हे खोटे नाही. सवलती कोणाच्या दारात जाऊन पडतात ते आम्ही पाहिले आहे. एकाची मुदत वाढविली की रांगेतल्या दुसऱ्याच्या तोंडचा घास जातो, हेही खरे. पण ग्लेन्कोच्या हकीकतीत आम्हांस दिसते ते असे की, नियम आणि हुकूम यांच्या फटींत प्रत्येकाच्या वाट्यास थोडी जागा आलेली होती आणि तिचा उपयोग ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे केला. दोन तरुण अंमलदारांनी हुकूम मानण्यास नकार देऊन आपल्या तलवारी मोडल्या आणि कैद पत्करली, असे परंपरा सांगते. एका शिपायाची दंतकथा आहे. आपल्या यजमानाच्या घरच्या माणसांदेखत तो दरीतल्या एका दगडाशी बोलू लागला: अरे दगडा, मी तुझ्या जागी असतो तर आजची रात्र येथे काढली नसती. लेकी बोले सुने लागे हा प्रकार डोंगरी स्कॉटलंडातही होता म्हणावयाचा. ऐकणाऱ्यांना अर्थ उमगला आणि ती रात्र त्यांनी घराबाहेर काढली. दगड आजही दाखवितात. त्या शिपायास तलवार मोडण्याएवढे बळ नव्हते, पण दगडाशी बोलण्याएवढे होते.

आणखी एक. किल्ल्याकडून चारशे शिपाई येऊन दरीच्या वरच्या वाटा रोखणार होते. ते पहाटे पोहोचावयाचे ते दुपारच्या सुमारास पोहोचले. कारण बर्फाचे वादळ. दुसरी तुकडीही ठरल्या वेळी आली नाही. काही जण म्हणतात की वादळ हे निमित्त, पाय जाणूनबुजून संथ पडत होते. खरे काय ते कोण सांगणार? एवढे निश्चित की, म्हाताऱ्याच्या पाच दिवसांच्या उशिराने टोळी मारली गेली आणि शिपायांच्या काही तासांच्या उशिराने टोळीतले बहुसंख्य लोक वाचले.

आपल्याकडे १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे मारले गेले तेव्हाही कागदच कारण झाला, असे आपण लहानपणापासून ऐकतो. 'धरावे'चे 'मारावे' झाले. तेथे अक्षर बदलले, एडिनबऱ्यास नोंदीवर काट पडली. आणि वाड्यात घुसले ते पदरचे गारदीच होते. फरक एवढाच की आपल्या हकीकतीत शेवटी रामशास्त्री आहेत. सत्ताधीशास तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून त्यांनी पद सोडल्याचे सांगतात. स्कॉटलंडात १६९५ मध्ये चौकशी बसली, पार्लमेंटने या कृत्यास खून म्हटले, राजास मोकळे ठेवले, डॅलरिंपल यांचे पद गेले. खटला कोणावर झाला नाही. १७०३ साली डॅलरिंपल 'अर्ल' झाले. चौकशी-अहवालांचे पुढे काय होते याबद्दल आम्हांस अधिक सांगण्याची गरज नसावी.

एवढे सगळे सौ.ला सांगेपर्यंत बस फोर्ट ऑगस्टसला लागली होती. हे लॉख नेसच्या दक्षिण टोकाचे टुमदार गाव. टॉमस टेलफर्ड या अभियंत्याने बांधलेला, १८२२ साली खुला झालेला कालवा येथे पाच दारांच्या पायऱ्यांनी सरोवरात उतरतो. नावा एकेका हौदात पाण्याबरोबर खाली जातात, ते पाहण्यासारखे आहे. सरोवराचे पाणी काळेभोर. खोली सव्वादोनशे मीटरच्या वर. त्यातल्या प्राण्याची खेळणी दुकानोदुकानी मांडलेली. नातवासाठी आम्हीही एक घेतले. दीड तासाचा थांबा होता, पावणेतीनला बसमध्ये.

पावणेतीनला मार्गदर्शकांनी डोकी मोजली. दोन कमी.

ते कोण, हे सगळ्यांच्या ध्यानात होते. आमच्या पुढच्या आसनांवरचे एक वृद्ध जोडपे. इंग्रजी बेताचे, सकाळपासून सूचना झाली की एकमेकांकडे पाहत आणि आम्हांस खुणेने विचारीत. 'पावणेतीन' हे त्यांना नीट समजले होते की नाही, देव जाणे. मार्गदर्शकांनी घड्याळ पाहिले. दोन मिनिटे गेली. मागून कोणी म्हणाले, नियम तुम्हीच सांगितला होता. एक तरुण मुलगी उठून उभी राहिली. तिची रात्रीची गाडी होती. एडिनबऱ्याहून लंडनकडे जाणारी. पहाटे पोहोचली नाही तर नोकरीची मुलाखत हुकेल, असे ती शांतपणे म्हणाली. तिचे बोलणे खोटे नव्हते आणि अवास्तवही नव्हते. मार्गदर्शकांनी दाराच्या कळीकडे हात नेला.

आम्ही काय केले? आम्ही दोन्ही बाजूंचा विचार करीत होतो.

सौ. उठली. तिला इंग्रजी बोलण्याचा सराव नाही. घराबाहेर ती चार शब्दांवर काम भागविते. ती पुढे गेली, पायऱ्या उतरली, एक पाय जमिनीवर आणि एक पाय पायरीवर ठेवून उभी राहिली, आणि दांडा धरून म्हणाली, "वन मिनिट." दार लावणे शक्य नव्हते. बसमध्ये कुजबुज झाली. आम्हांस, खरे सांगावयाचे तर, आधी लाज वाटली, की आपल्या लोकांविषयी काय म्हणतील.

मार्गदर्शकांनी तिच्याकडे पाहिले, मग मागे आमच्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. ध्वनिक्षेपक काढून ठेवला, खाली उतरले, आणि टायर तपासू लागले. पुढचा डावा टायर बुटाने ठोकून पाहिला. मग मागचा. मग वाकून बसच्या खाली पाहिले, फार वेळ पाहिले. पलीकडच्या बाजूला गेले आणि तेथलेही टायर त्याच सावकाशीने ठोकले. ज्या बसने दुपारपर्यंत कुरकूर केली नव्हती तिच्या टायरांची त्यांना एवढी काळजी का वाटू लागली, ते बसमधल्या प्रत्येकाला कळत होते.

ते जोडपे आले ते दुसऱ्या वाहनतळाच्या बाजूने. तेथे आमच्या बससारख्याच दोन बस उभ्या होत्या. त्यांच्यापाशी ते वाट पाहत राहिले होते. आजोबांच्या हातात कागदी पिशवी, आजी मागे, धापा टाकीत. सौ.ने आजींचा हात धरून त्यांना वर घेतले. एकूण अकरा मिनिटे. मार्गदर्शक आपल्या जागी बसले, ध्वनिक्षेपक गालाशी लावला आणि टायर उत्तम आहेत एवढे जाहीर केले. कोणी हसले नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी नेहमीच्या विनोदांपैकी दोन-तीन सांगितले, पण बसचा सूर लागला नाही.

आम्ही सौ.ला विचारले, की ती मुलगी नोकरीला मुकली तर? ती म्हणाली, "मला ठाऊक नाही. तुम्ही मघा त्या शेतकऱ्याचे सांगितलेत, म्हणून उठले."

पिटलॉक्री, पर्थ, फोर्थच्या खाडीवरचे पूल, सगळे संध्याकाळच्या लांबलेल्या उन्हात मागे पडले. शहराच्या वेशीवर वाहनांची दाटी होती. ती मुलगी पर्थपासूनच पिशवी खांद्याला अडकवून दाराजवळच्या आसनावर येऊन बसली होती आणि दर थोड्या वेळाने घड्याळ पाहत होती. तिने सौ.कडे एकदाही पाहिले नाही. बस थांबण्यापूर्वीच मार्गदर्शकांनी दार उघडले. तिने उडी टाकली आणि स्थानकाच्या उताराकडे धावत सुटली. आम्ही उतरेपर्यंत ती वळणाआड गेली होती. सौ. रस्त्याच्या कडेला त्या दिशेने पाहत बराच वेळ उभी होती. कन्या न्यावयास आली तरी हलेना.